तीन ग्रामीण रुग्णालयं, तिन्हीकडे काहीतरी कमी. एकत्र काम कुणी करून बघितलंय का?

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. मी रुग्ण कल्याण समितीवर आहे, डॉक्टर नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्याकडे पस्तीसेक किलोमीटरात तीन ग्रामीण रुग्णालयं आणि एक ट्रस्टचा दवाखाना. कागदावर तिन्हीकडे 30-30 खाटा. पण एकीकडे गायनॅक आहे तर भूल द्यायला कुणी नाही, दुसरीकडे भूलतज्ज्ञ आहे तर ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद, तिसरीकडे ब्लड स्टोरेजचा फ्रीज नुसता गुणगुणतोय. मग काय, रेफर. गेल्या पावसाळ्यात चुलतभावाच्या बायकोला रात्री अकराला एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने सिव्हिलला, पोचेपर्यंत पहाट झाली. ती वाचली, बाळ गेलं. कुणाला शिव्या घालायला धागा काढलेला नाही, पण मधे कुणी कुणाला साधा फोन केला नव्हता हे डोक्यातून जात नाही. हे एकत्र काम करू शकतात का, की वरून ऑर्डरच लागते?

लेबररूमवाली:
22 वर्षं झाली नोकरीला. फोनला कसली ऑर्डर दादा. आम्ही आधी फोन करतो, समोरून "पाठवा" आलं की मगच 108 ला कॉल. आणि चिठ्ठी नीट पाहिजे, बीपी, एचबी (हिमोग्लोबिन), रक्तगट, आणि झटक्याची पेशंट असेल तर मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवायचं इंजेक्शन, किती दिलं, किती वाजता दिलं. ते लिहिलेलं नसलं तर पुढच्याने काय करायचं, परत द्यायचं?

अर्धा_सर्जन:
सिस्टर बरोबर बोलल्या, पण खरी गोष्ट कडू आहे. तिन्ही अर्धी ठेवून काही होणार नाही, एक पूर्ण करा. गायनॅक, भूलतज्ज्ञ, रक्त हे तिन्ही एका छपराखाली 24 तास. रक्तासाठी अख्खी ब्लड बँक लागत नाही, स्टोरेजची परवानगी घ्यायची आणि मोठ्या ब्लड बँकेकडून पिशव्या आणायच्या, 2 ते 6 डिग्री सांभाळायचं. साधारण 35 दिवसांत पिशवी बाद होते म्हणून तारीख जवळ आली की परत फिरवायची, नाहीतर फेकावी लागते. भूलतज्ज्ञ मिळत नसेल तर एमबीबीएसवाल्यांना इमर्जन्सी सिझरपुरतं भुलेचं काही महिन्यांचं ट्रेनिंग असतं, कुणी पाठवलंय का विचारा. बाकी दोघांनी नॉर्मल डिलिव्हरी, साप-विंचू, तपासण्या बघायच्या. सर्पदंशाची लस, म्हणजे विष उतरवायचं इंजेक्शन, मात्र तिघांकडेही हवीच, सुरुवातीलाच 8-10 व्हायल (बाटल्या) लागतात, कमी पडली तर शेजारून मागवायला वेळ नसतो.

गावकी:
म्हणजे आमच्या गावचा दवाखाना हळूहळू बंद करायचा डाव. आधी ओटी नेणार मग डॉक्टर नेणार. उपोषण करून मिळवलाय तो.

अर्धा_सर्जन:
ही भीती खोटी नाही, असं झालेलं बघितलंय. म्हणून ठरेल ते लेखी घ्या, कुठला डॉक्टर कुठल्या वारी कुठे हे फळ्यावर लावा. पण ओटीला कुलूप असलेला दवाखाना नावाला ठेवून तरी काय मिळतंय.

आशा_गट:
तुम्ही सगळे रुग्णालयातच अडकलात. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या सर्च संस्थेने 39 गावांत बायांना शिकवून नवजात बाळं घरीच सांभाळून दाखवली, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलंय, आज आम्ही घरी जातो ते त्यातूनच. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28, 42 व्या दिवशी भेट. पण बाई बाळंतपणाला जाते माहेरी! नाव सासरच्या रजिस्टरला, बाळ माहेरी, दवाखाना तिसऱ्याच तालुक्यातला, सुट्टी दिल्याचं ना इकडच्या आशाला कळतं ना तिकडच्या. दीड किलोचं बाळ असं माझ्याच यादीतून निसटलंय. चार दवाखान्यांनी डिस्चार्जची यादी रोज संध्याकाळी एका ग्रुपवर टाकली, माहेर-सासर दोन्ही गावांसकट, तरी खूप झालं. फक्त ग्रुपात आशा-नर्सच ठेवा, पुढारी आले की गुड मॉर्निंगच येतात.

डोंगरवाट:
हे माहेर-सासरचं आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. गुरुवारी चारही ठिकाणच्या लोकांना बसवतोय, ट्रस्टवाले हो म्हणालेत. एक कुठलं पूर्ण करायचं यावर भांडण होणार, ते गुरुवारी नको, आधी फोन, चिठ्ठी आणि यादी. सिस्टर, तुमच्या चिठ्ठीचा नमुना मिळेल का?

लेबररूमवाली:
नाइट संपली की फोटो टाकते. अक्षर बघू नका.