प्रति: अवकाशयानं पाठवून मिळतं काय?

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या फोटोंचं तुम्ही केलेलं कौतुक पटलं, पण ‘यानं पाठवून नुसते दगडधोंडेच मिळतात’ हे नाही पटलं. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेली माती भरली जेमतेम १२१.६ ग्रॅम. डब्याचे ३५ पैकी दोन स्क्रू हलेनात, त्यांच्यासाठी नवी हत्यारं घडवावी लागली! पण त्या काळ्या भुकटीत काय निघालं बघा: आपली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांतली १४, सजीवांची आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या डीएनए-आरएनएमधले पाचही नत्रयुक्त रेणू, शिवाय खारं पाणी आटून मागे उरलेले क्षार, मिठागरात उरतात तसे. उल्का जमिनीवर पडली की आपल्या दमट हवेत असे क्षार विरघळून जातात. बंद डब्यातून आणले म्हणून हाती लागले.