2014चा इबोला: जगाची मदत म्हणजे बैल गेला नि झोपा केला?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलींना पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ शिकवायची आहे. आकडे आहेत माझ्याकडे. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून 28,600 च्या वर रुग्ण, 11,300 च्या वर मृत्यू, त्यांत 500 हून अधिक आरोग्य कर्मचारी. गिनीतल्या मेलियांदू गावात डिसेंबर 2013 मध्ये पहिलं मूल दगावलं, साथ जाहीर झाली मार्च 2014 मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी पुकारली 8 ऑगस्टला. मग मात्र सगळेच धावले. अमेरिकेचं सैन्य लायबेरियात, ब्रिटनचं सिएरा लिओनमध्ये, क्यूबाचे डॉक्टर, चीनची फिरती प्रयोगशाळा, संयुक्त राष्ट्रांचं खास मिशन.

अडचण अशी की मुली विचारतात, "मॅडम, इतके सगळे गेले, मग साथ नक्की थांबवली कोणी?" मागच्या वर्षी मी "सर्वांच्या सहकार्याने" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर वाचलं की अमेरिकेने लायबेरियात बांधलेल्या 11 उपचार केंद्रांपैकी 9 मध्ये इबोलाचा एकही रुग्ण आला नाही. म्हणजे बैल गेला नि झोपा केला असंच म्हणायचं का? त्या काळात तिकडे असलेलं कोणी आहे का इथे?

गोदामवाला:
मी होतो ताई. 2011 ते 2016 लायबेरियाच्या राजधानीत, मोनरोव्हियात, बुशरॉड आयलंडवर एका भारतीय शेठजींच्या घाऊक कंपनीचं गोदाम सांभाळायला. तांदूळ, साबण, टोमॅटो पेस्टचे डबे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. मी साथ पाहिली ती बंदराच्या फाटकातून, म्हणजे काय आलं, कधी आलं आणि कुठे पडून राहिलं एवढंच.

तुमच्या मुलींना आधी ऑगस्ट 2014 सांगा. तिथला पावसाळा म्हणजे आठ-आठ दिवस आभाळ फाटल्यासारखा. त्यात रस्त्याकडेला प्रेतं. गाडी यायला दोन-दोन दिवस. चाळीस लाखांवर वस्ती असलेल्या देशात साथीच्या आधीच डॉक्टर पन्नासच्या आसपास. एमएसएफचं, म्हणजे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचं, मोठं उपचार केंद्र उघडलं खरं, पण महिनाअखेर अशी वेळ आली की त्याचं फाटक सकाळी फक्त अर्धा तास उघडायचं. रात्रीत जितके मेले, तितकेच नवे आत. बाकीचे बाहेर चिखलात. आमचा एक ड्रायव्हर शेजाऱ्याला घेऊन सलग दोन दिवस गेला होता. तिसऱ्या दिवशी जायची गरज उरली नाही.

त्याच महिन्यात विमानं बंद होत गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की प्रवासबंदी नको, पण ऐकतो कोण. नियमित येत राहिल्या त्या दोनच कंपन्या, एक ब्रुसेल्सची, एक मोरोक्कोची. एका जहाजाच्या कप्तानाने आमच्या हमालांना डेकवर पाऊल ठेवू दिलं नाही. क्रेनने माल खाली सोडला आणि कागद काठीला बांधून दिले. हसू नका, खरंच काठीला.

आता मदत. सप्टेंबरच्या मध्याला ओबामांनी तीन हजारांपर्यंत सैनिक पाठवायचं जाहीर केलं. सैन्याने बांधलेलं पहिलं केंद्र तुबमनबर्गला उघडलं नोव्हेंबरच्या मध्याला. आणि लायबेरियातले रुग्ण ऑक्टोबरातच उतरणीला लागले होते! तुमची ती 9 रिकामी केंद्रं या दोन महिन्यांच्या फरकात आहेत. पैसा कमी पडला असं मी म्हणणार नाही. तो उशिरा आला, आणि आला तो खाटांच्या रूपात आला.

आमच्याकडचं उदाहरण देतो. एका परदेशी संस्थेने (नाव घेत नाही) आमचं अर्धं गोदाम भाड्याने घेतलं. ऑक्टोबरात त्यांचे दोन कंटेनर आले. पांढरे ओव्हरऑल, खोक्यांवर खोकी, सगळे लहान मापाचे. सोबत गॉगल नाहीत, जाड हातमोजे नाहीत. तिथल्या उंचपुऱ्या माणसाने तो घातला की पाठीत फाटायचा, आणि फाटला की संपलं. ते ओव्हरऑल आधी बंदरात तीन आठवडे अडकले होते, कारण करमाफीच्या कागदावर सही करणारा माणूस जागेवर नव्हता. आम्ही रोज भाडं लावत होतो. शेठजींनी नंतर निम्मं सोडलं, हेही सांगायला हवं.

ज्याने खरा फरक पडला ते आम्ही बंदरातून कधी उतरवलंच नाही. नळाची बादली आणि क्लोरीनचं पाणी प्रत्येक दुकानाच्या दारात. लायबेरियन माणूस हस्तांदोलन करून शेवटी बोटांची चुटकी वाजवतो, ती महिनाभरात बंद झाली. गल्लीगल्लीत पोरं वही घेऊन बसायची, कोण नवीन आलं, कोणाच्या घरात ताप आहे, सगळं टिपून ठेवायची. त्यांना ना पगार ना टोपी. सरकारने 20 ऑगस्टला वेस्ट पॉइंटची अख्खी झोपडपट्टी काटेरी तारेने कोंडली, गोळीबार झाला, पंधरा वर्षांचं पोर गेलं. दहा दिवसांत तार काढावी लागली. वहीवाल्या पोरांनी जे केलं ते तारेने झालं नाही.

एक गोष्ट अजून आहे, ती उद्या लिहितो. बसून लिहावी लागेल.

ताळेबंद:
गोदामवाले, अनुभव मोलाचा आहे, पण हिशेब एकतर्फी वाटतो. सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, अंदाज होता की काहीच बदललं नाही तर 20 जानेवारीपर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये, न नोंदलेले धरून, 14 लाखांपर्यंत रुग्ण होतील. हा कागद टेबलावर असताना खाटा बांधू नका असं कोण म्हणेल? केंद्रं रिकामी राहिली हे नशीब समजा. वर्षभर आजारी पडलो नाही म्हणून विम्याचा हप्ता बुडाला असं आपण म्हणतो का?

साथीचा_रोग:
मी साथरोगशास्त्रातली, त्यामुळे थोडं पुस्तकी लिहीन. सुईदोरा, मुलींना नायजेरिया जरूर सांगा. 20 जुलै 2014 ला लायबेरियाहून एक आजारी माणूस लागोसला उतरला. एवढं अवाढव्य शहर, सगळ्यांच्या पोटात गोळा आला. डॉ. अमेयो स्टेला आदादेवोह यांनी दबाव झुगारून त्याला रुग्णालयातून जाऊ दिलं नाही. त्यांना स्वतःला लागण झाली आणि 19 ऑगस्टला त्या गेल्या. देशात एकूण रुग्ण 20, मृत्यू 8. संपर्कात आलेली 894 माणसं शोधून त्यांच्या घरी साडेअठरा हजारांच्या आसपास भेटी दिल्या गेल्या, आणि 20 ऑक्टोबरला नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. हे जमलं कारण पोलिओसाठी उभी केलेली यंत्रणा आणि माणसं हाताशी होती. तीच या कामाला जुंपली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या उशिरामागेही साधं कारण आहे. साथी आणि आपत्तींसाठीची त्यांची तरतूद 2012-13 च्या 46.9 कोटी डॉलरवरून 2014-15 साठी 22.8 कोटींवर आली होती. सदस्य देशांनीच हात आखडता घेतला आणि मग संघटना झोपली म्हणून ओरडायलाही तेच पुढे.

ताळेबंद, विम्याची उपमा अर्धीच लागू पडते. विमा आधी काढतात.

गोदामवाला:
ताळेबंद साहेब, 14 लाखांचा आकडा आम्हालाही ठाऊक होता. त्या आठवड्यात आमच्यातल्या निम्म्या कुटुंबांनी बायकामुलं परत धाडली. म्हणून सप्टेंबरात केंद्रं ठरवली याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार डिसेंबरची आहे. रुग्ण उरले नव्हते तरी मुरूम पडतच होता, कारण करार झालेला. तोच पैसा दूरच्या पाड्यांवर माणसं पाठवायला वळवता आला असता. मोटारसायकल आणि चार दिवसांचं जेवण, एवढ्यावर तिथे काम व्हायचं.

आता राहिलेली गोष्ट. ही मुलींना सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा.

इबोलात मेलेल्याचं शरीर सर्वांत घातक, हे तुम्ही शिकवतच असाल. तिकडे प्रेताला अंघोळ घालून, हात लावून निरोप देतात. मोनरोव्हियात दफनाला जागा मिळेना, जमिनीत पाणी, शेजारी विरोध करायचे. ऑगस्टमध्ये सरकारने हुकूम काढला, राजधानीतली प्रेतं जाळायची. जाळणार कुठे? अख्ख्या परिसरात स्मशानभट्टी एकच, मार्शलजवळ बॉईज टाउनला, आणि ती आमची. म्हणजे भारतीय मंडळींनी आपल्या माणसांसाठी बांधलेली. आम्हाला ती वर्षाकाठी दोन-चारदा लागायची. आता तिथे रोज ट्रक.

आम्हाला पहिल्यांदा त्यात वावगं काही वाटलंच नाही. आपण जाळतोच की! एका चहाच्या वेळी मी तसं बोलूनही गेलो. आमचा मुकादम म्हातारा होता, वीस वर्षं त्याच गोदामात. तो काही बोलला नाही. सप्टेंबरच्या शेवटी त्याची बहीण गेली. गाडी आली, पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, पिशवीत घालून घेऊन गेली. इबोलाच होता का याची तपासणीसुद्धा झाली नाही, तेव्हा सरसकट सगळेच जाळत होते. चार दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बॉसमॅन, तुमचे लोक आपल्या माणसाला जाळतात. मग पाठीमागे ठेवता काय?"

मी त्याला सांगितलं, तिसऱ्या दिवशी राख सावडतो, अस्थी मडक्यात घालतो, नदीत सोडतो. सांगता सांगता मलाच कळलं मी काय सांगतोय ते. तो म्हणाला, "तिची थोडी मिळेल?"

कुठून मिळणार. एका वेळी कितीतरी देह, राख सगळी एकत्र पिंपांत. आपल्यातही नुसतं जाळणं म्हणजे अंत्यसंस्कार नव्हे, हे मला पन्नाशीत मोनरोव्हियाच्या गोदामात समजलं. आणि तिकडे मार्चच्या दुसऱ्या बुधवारी डेकोरेशन डे असतो. सगळे कबरींवर जाऊन गवत काढतात, चुना लावतात, फुलं ठेवतात. ज्याची कबरच नाही त्याने त्या दिवशी कुठे जायचं?

म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे, प्रेत रात्री पुरायचे. खाटा रिकाम्या राहायचं एक कारण हेही होतं, असं माझं मत. डिसेंबरात डिस्को हिलला सुरक्षित दफनभूमी सुरू झाली आणि जाळणं थांबलं. तिथे घरच्यांना जरा अंतरावर उभं राहता यायचं, नाव लागायचं. बॉईज टाउनची पिंपंही नंतर तिकडेच नेली. मुकादमाने 11 मार्च 2015 ला सुट्टी घेतली. आईच्या कबरीला चुना लावून खाली बहिणीचं नाव रंगवून आला. नखांत पांढरा रंग तसाच होता दुसऱ्या दिवशी.

साथीचा_रोग:
वाचून थांबले थोडी. तरी एक नोंद करते. दहनाने संसर्गाची साखळी तोडायला मदत झाली हे मान्य करावं लागेल, आणि रुग्ण घटायला लागले तेव्हा दहन चालूच होतं. पण लपवाछपवीचं तुम्ही म्हणता ते खरं. गिनीत ऑगस्ट 2014 मध्ये साठ टक्के रुग्णांचा संबंध पारंपरिक अंत्यविधीशी लागत होता, आणि तिथेच वोमे गावात सप्टेंबरमध्ये आरोग्य पथकातल्या आठ जणांना ठार मारलं गेलं. 'सुरक्षित आणि सन्मानाने दफन' अशी जागतिक आरोग्य संघटनेची लेखी पद्धत आली नोव्हेंबर 2014 मध्ये. साथ जाहीर होऊन तोवर सात महिने उलटून गेले होते.

काँगोचंही जोडून सांगा. 2018 ते 2020 च्या साथीत लस होती, तीन लाखांवर लोकांना ती दिली गेली, जग वेळेवर पोचलेलं होतं. तरी बुटेंबोत एप्रिल 2019 मध्ये डॉ. रिचर्ड मुझोको यांना रुग्णालयात घुसून गोळ्या घातल्या, आणि साथीत 2,200 च्या वर माणसं गेली.

सुईदोरा:
सगळ्यांचे आभार. तासाची सुरुवात नायजेरियाने करते. मुकादमांची गोष्ट वाचून दाखवली तर चालेल ना? आणि एक भोचक प्रश्न, त्या लहान मापाच्या ओव्हरऑलचं पुढे काय झालं?

गोदामवाला:
चालेल, फक्त त्याचं नाव मी मुद्दाम दिलेलं नाही, विचारू नका.

ओव्हरऑल एप्रिल 2015 पर्यंत पडून होते. संस्थेचा माणूस बदलला, नव्याने पत्राला उत्तर दिलं नाही, भाडं थांबलं. शेवटी शेठजी म्हणाले, वाटून टाका. तिकडे मोटारसायकल टॅक्सीला पेन-पेन म्हणतात. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले सगळे पेन-पेनवाले पांढरे ओव्हरऑल घालून फिरत होते, पाठीत फाटलेले, वर टेप लावलेली. पाणी मात्र आत येत नाही म्हणाले.