कॉम्प्युटरचं छोटं कॅबिनेट, मे महिना आणि ‘मोठा टॉवर घ्या’ हा सल्ला

घोडबंदरकर:
परवा आपल्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘मुंबई-ठाण्याच्या हवेत छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड घालणं म्हणजे पैसे जाळणं. ८० अंशांच्या वर गेलं की कार्ड संपलं. मोठा टॉवर घ्या, नाहीतर खोलीत एसी लावा.’ त्यावर भराभर अंगठे पडले. मला ते बघवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

८० ला कार्ड संपत नाही. आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डाची, ते बनवणाऱ्या एनव्हिडियानेच दिलेली कमाल मर्यादा ९० अंश आहे, ३०६० ची ९३. त्याच्या जवळ गेलं की कार्ड आपणहून क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणतं. नवीन पोरं ८१ चा आकडा बघून घाबरतात आणि दुकानदार त्यांच्या गळ्यात आणखी पंखे मारतो.

छोट्या पेटीत कार्ड कोंडतं, हेही सरसकट खरं नाही. टॉवरमध्ये कार्ड मधोमध लटकतं, त्याला मिळते ती आत फिरून आलेली हवा. एनआर२०० सारख्या १८ लिटरच्या पेटीत कार्डाचे पंखे थेट तळाच्या जाळीवर येतात. सँडविच मांडणीत, म्हणजे कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसवलेलं असतं तेव्हा, तर बाजूच्या जाळीला जवळजवळ चिकटून. म्हणजे बाहेरची ताजी हवा आधी कार्डालाच.

आपल्याकडची खरी अडचण खोली आहे. मे महिन्यात पंख्याखाली बसूनही खोलीत ३४ अंश असतात. कार्डाच्या पंख्यांचा वेग तोच ठेवला तर खोली जितकी तापते, जवळपास तितकंच कार्डही वर जातं. थंड देशांतले लोक २१ अंशांच्या खोलीत मोजून ६५ दाखवतात आणि इथे ७८ बघून आपण पेटीला दोष देतो. ४०७० चे २०० वॅट आणि बाकीचं धरून साधारण ३०० वॅट सतत खोलीत पडतात. पेटी १० लिटरची घ्या नाहीतर ६० लिटरची, खोलीत येणारी उष्णता तेवढीच. खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं आहे ते. म्हणून आधी वॅट कमी करा, पंख्यांचं नंतर बघू. कार्ड अंडरव्होल्ट करा, म्हणजे त्याला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करा. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. शेवटच्या शे-दीडशे मेगाहर्ट्झसाठी कार्ड जी वीज खातं ती आपल्या हवेत परवडत नाही.

ऐरोली_सेक्टर:
तुमच्या आकड्यांबद्दल वाद नाही, सल्ल्याबद्दल आहे. माणूस पन्नास-साठ हजार मोजून कार्ड घेतो आणि पहिल्याच दिवशी त्याचा गळा आवळा म्हणून सांगताय. आधी हवा नीट करा ना! माझ्याकडे दुरुस्तीला जी छोटी कॅबिनेट येतात, त्यातल्या बहुतेकांची बाजूची जाळी काढून काच बसवलेली असते, दिवे दिसावेत म्हणून. त्याहून वाईट म्हणजे टेबलाखाली सुताराकडून करून घेतलेला कप्पा. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. बाहेर फेकलेली गरम हवा फिरून तीच आत. तिथे तुमचं अंडरव्होल्ट काय करणार?

साधं गणित आहे. पेटीतून मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर जात असेल तर ३०० वॅटने ती हवा साधारण १० अंशांनी तापते. जाळी तुंबून हवा निम्मी झाली की २० अंशांनी. खोलीत ३४ असताना हे १० अंश फुकट घालवायचे?

खाडीकाठ_कळवा:
जाळीचा विषय निघालाच आहे तर धुळीवर बोला. आमच्याकडे रस्त्याचं काम, शेजारी उंच इमारतीचं काम, समोर डंपरची रांग. खिडकी उघडी ठेवली तर फिल्टरवर आठवड्यात राखाडी थर, बंद ठेवली तर खोलीची भट्टी. पावसाळ्यात हीच धूळ दमट होऊन पंख्याच्या पात्यांवर लेपासारखी बसते, फुंकून निघत नाही. मी ब्रशने खरवडतो. तक्रार केली की पाण्याचा टँकर एकदा फिरतो आणि परत तेच. तुम्ही दोघं वॅट आणि घनफुटांवर भांडताय, इथे श्वास घ्यायची पंचाईत.

नेरूळची_ताई:
मी कॉम्प्युटरवाली नाही, पण हा विषय आमच्या घरात रोजचा आहे म्हणून लिहिते. मुलगा बारावीला. त्याला कुणीतरी हेच सांगितलं की कार्डासाठी एसी लागतो. आता रात्री दोनपर्यंत एसी चालू आणि तोही १८ वर. बिल बघून ह्यांचा पारा चढतो आणि बोलणी मी खाते. घोडबंदरकरदादा, कार्डाला खरंच एसी लागतो का, तेवढं स्पष्ट सांगा.

घोडबंदरकर:
ताई, कार्डाला लागत नाही. खोलीत ३५ अंश असतानाही नीट लावलेलं कार्ड मर्यादेच्या आत राहतं. एसी माणसाला लागतो.

वाशी_रेफ्रिजरेशन:
इथे थोडं थांबा. मी एसीच्याच धंद्यात आहे आणि एसीला उगाच खलनायक केलेलं चालणार नाही. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. तुमचा कॉम्प्युटर ३०० वॅट टाकतो, म्हणजे त्याचा साधारण बारावा हिस्सा. तेवढी उष्णता काढायला एसीला जास्तीचे फार तर १०० वॅट लागतात. ताईंचं बिल कार्डामुळे वाढलेलं नाही, १८ मुळे वाढलंय. २०२० पासून नवीन एसी सुरू केला की २४ वरच सुरू होतो, तो नियम उगाच केलेला नाही. २५-२६ वर ठेवा, वर सीलिंग फॅन लावा. मुलगाही सुखी, कार्डही सुखी.

खाडीकाठ_कळवा:
एसी सुचवणं सोपं आहे हो. आमच्या सोसायटीत रस्त्याच्या बाजूला आउटडोअर युनिट लावायला बंदी, ‘इमारतीची शोभा जाते’ म्हणे. मागच्या बाजूला डक्ट, म्हणजे इमारतींमधली अरुंद मोकळी जागा, तिथे आधीच सगळ्यांची युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतात. सभेत विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, आम्ही चाळीत पंख्याशिवाय वाढलो.

वाशी_रेफ्रिजरेशन:
डक्टमध्ये कोंडलेली युनिटं हा मोठा घोळ आहे. बाहेरचं युनिट स्वतःचीच गरम हवा ओढतं, वीज जास्त खातं आणि खोली थंड होत नाही. लोक मग गॅस कमी झाला म्हणून मेकॅनिक बोलावतात. सोसायटीला सांगा की युनिटं एका रेषेत, एकाच दिशेला तोंड करून लावू द्या.

कोपरखैरणे_जुनी_वायरिंग:
आणि आमच्यासारख्या जुन्या बैठ्या घरांचं काय? एकाच सर्किटवर एसी, फ्रिज आणि पोराचा कॉम्प्युटर. माझ्या मेव्हण्याने छोट्या प्लगवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर एसी चालवला. बोर्ड वितळला, नशीब घरात माणसं होती. एसीला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग हवंच हवं.

मुलुंड_चेकनाका_रेंडर:
मंडळी, धागा ग्राफिक्स कार्डाचा आहे. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त नको.

मूळ मुद्द्यावर माझा ठाम विरोध. घोडबंदरकर गेम खेळतात, मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर रेंडर लावतो, म्हणजे कॉम्प्युटरकडून चित्रं तयार करून घेतो. गेममध्ये मेनू येतो, लोडिंग येतं, कार्डाला उसंत मिळते. रेंडरला ती मिळत नाही. छोट्या पेटीत कार्डाची गरम हवा प्रोसेसर, एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) आणि एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याचा डबा) जाते. माझं कार्ड ७५ ला होतं, पण एसएसडी तापून मंद व्हायची आणि सीन लोड व्हायला तास लागल्यासारखं वाटायचं. क्लायंटला सकाळी फाइल द्यायची असते. छोटं कॅबिनेट ही हौस आहे, कामाचं यंत्र नाही, हे नवीन लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

घोडबंदरकर:
हौस? दहा बाय दहाच्या खोलीत दोघं भाऊ झोपतो. रात्री फोल्डिंगचा पलंग उघडला की दाराकडे जायला वाट राहत नाही. टॉवर ठेवू कुठे, डोक्यावर? ज्यांच्याकडे कामाला वेगळी खोली आहे त्यांनी आम्हाला हौशी म्हणू नये. ठाण्यात जागेचा भाव काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे.

मुलुंड_चेकनाका_रेंडर:
माझीही वेगळी खोली नाही, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी टेबल आहे. तुमच्या घराबद्दल मी काही बोललो नाही, आवाज चढवू नका. एसएसडीबद्दल उत्तर द्या.

घोडबंदरकर:
देतो. एसएसडी मदरबोर्डच्या मागच्या बाजूला असेल तर तिथे हवाच जात नाही, ती पुढच्या स्लॉटमध्ये हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावून घ्या. वरून हवा बाहेर फेकणारे दोन पंखे हवेतच. तरीही रात्रभराच्या रेंडरला मोठी पेटी सोयीची, एवढं मान्य. पण रेंडरमध्येच अंडरव्होल्टचा फायदा सगळ्यात जास्त होतो, कारण वीज तासन्‌तास जळत असते. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणून एक रात्र लावून बघा आणि वेळ मोजा.

ऐरोली_सेक्टर:
माझ्या घरच्या पेटीवर काल करून बघितलं. कार्ड ४०७०, खोलीत ३३. आधी काच काढून जाळी लावली, तळाला पातळ १५ मिलिमीटरचे दोन पंखे घातले कारण कार्ड जाड आहे. ८२ चं ७५ झालं. मग अंडरव्होल्ट, ०.९५ व्होल्टला क्लॉक बांधला. ७५ चं ६८, आणि पंख्यांचा आवाज बराच उतरला. गेममध्ये फरक जाणवला नाही, हे लिहायला जिवावर येतंय. पण क्रम माझाच बरोबर. काच ठेवून नुसतं अंडरव्होल्ट केलं असतं तर कार्ड ठीक राहिलं असतं आणि बाकीची पेटी शिजली असती.

घोडबंदरकर:
पंखे आणि जाळी नको असं मी कुठे म्हटलं? पैसे घालायच्या आधी फुकटचं करून बघा, एवढंच म्हणणं. तुमच्याच आकड्यांत दोन्हींनी सात-सात अंश दिलेत. त्यात माझ्या सातांना पैसे लागले नाहीत आणि खोलीत पडणारी उष्णताही तेवढी कमी झाली. तुमच्या सातांनी कार्ड थंड झालं, खोली नाही.

नेरूळची_ताई:
दादा, ते फुकटचं कसं करायचं ते लिहा. मुलाला समोर बसवून करून घेते.

घोडबंदरकर:
ताई, आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला ते माहीत असेलच. त्यात ‘पॉवर लिमिट’ची पट्टी असते, ती १०० वरून ७५ वर आणायला सांगा. बाकी काही हलवायचं नाही, मेमरीच्या क्लॉकला तर हातच लावायचा नाही. मग नेहमीचा गेम अर्धा तास खेळायला लावा आणि एसी २६ वर ठेवा. व्होल्टेजचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचं ती रेघ, नंतर त्याचा तो शिकेल. गेम मध्येच बंद पडायला लागला तर कर्व्ह जरा जास्त खाली ओढलाय असं समजायचं, कार्ड बिघडलेलं नसतं.

मुलुंड_चेकनाका_रेंडर:
पॉवर लिमिट ७० वर टाकून रात्री रेंडर लावतोय. सकाळी वेळ लिहितो. हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं, तापमानही लिहीन, तो आकडा इथे अजून कुणीच दिलेला नाही.