‘लस पाजली’ चूक का? आणि पोटातल्या जंतूंना काय म्हणायचं?

कुडाळ : आयांसाठी एक पत्रक लिहिते आहे, दोन शब्दांवर अडलेय. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या लसीचे थेंब सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात, त्याला आमच्याकडे ‘लस पाजली’ म्हणतात. एका गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली : लस टोचतात, पाजत नाहीत. दुसरं, ‘पोटातल्या जंतूंमुळे लस कमीजास्त लागू पडते’ हे वाचून दाखवल्यावर एक आजी म्हणाली, “पोटात जंत आसत तर गोळी दी गो, थेंब कित्याक?”

रत्नागिरी : लस म्हणजे मुळात फोडातून झिरपणारं पाणी. ‘खरचटलंय, लस येतेय’ असं आजही म्हणतोच की. १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देशातली पहिली देवीची लस टोचली. मग एकाच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याला, असं ते चालायचं. द्रव्याचंच नाव उपायाला पडलं. जुनी माणसं तर ‘देवी काढल्या’ म्हणत. आता त्या पाण्याचा संबंध उरला नाही, मग टोचण्याचाच आग्रह कशाला? पाजा खुशाल.

मालवण : उलट ‘पाजणे’ जास्त अचूक. रोटाव्हायरस काय, पोलिओचे थेंब काय, ते अशक्त केलेले पण जिवंत विषाणू. आतड्यात वाढले तरच शरीर शिकतं. म्हणजे विरजणच! दूध तेच, भांडं तेच, तरी एखाद्या घरी लागत नाही. या लसीचंही तसंच. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसींचं गंभीर जुलाबांपासूनचं संरक्षण ८० टक्क्यांच्या वर दिसलं, आपल्याकडच्या रोटावॅक या लसीच्या चाचणीत पहिल्या वर्षी ५६ टक्क्यांच्या आसपास. (म्हणून लस टाळायची नाही हं. जुलाब जिथे जास्त, तिथे ५६ टक्केही पुष्कळ.) आतड्यातले जिवाणू हे त्याचं एक संभाव्य कारण. कुपोषण, आईकडून आलेली प्रतिद्रव्यं हीही आहेतच.

दापोली : विरजण नको. मग लोक म्हणतील, दही चाटवा, लस लागेल. इतकं सोपं असतं तर! वेल्लोरला बाळांना तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन मग पोलिओचे थेंब पाजून पाहिले. आतड्यातले रोगकारक जिवाणू घटले, पण लस काही जास्त लागू पडली नाही. उलट अमेरिकेत काही उंदरांना रोटाव्हायरस बाधेचना, तेव्हा कारण निघालं आतड्याला चिकटून राहणारा एक धाग्यासारखा जिवाणू. कोण उपद्रवी, कोण राखणदार, हे सरसकट सांगता येत नाही.

सावंतवाडी : मग कुळागर म्हणा. पोफळीवर मिरवेल, तिच्या पायाशी केळ, मध्ये जायफळ, एकाची सावली दुसऱ्याला. नवं रोप कुठे धरेल हे आधीच्या झाडांवर ठरतं. आणि उठसूट अँटिबायोटिक म्हणजे सगळ्या कुळागरावर कोयता.

दापोली : चिपळूणच्या वर कुळागर कोणाला कळणार? आम्ही बागायत म्हणतो.

कुडाळ : पत्रक आमच्याच तालुक्यापुरतं आहे, कुळागर चालेल. ‘जंतू’ काढून ‘जिवाणू’ केलं, ‘पाजली’ ठेवलं. आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “कुळागरात पाणी कोण लायता?” आता त्याला शब्द शोधतेय.