नवीनच लीड झालोय, रिलीज दोनदा पुढे गेली – सल्ला हवा

रिकामा_डबा
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं निवांत कोड लिहिला, एप्रिलमध्ये लीड केलं. ऑफिस हिंजवडीत, क्लायंट अमेरिकेत, काम पेमेंटचे हिशेब जुळवायच्या सिस्टमचं. टीममध्ये सात जण: दोन सिनियर, दोन-तीन वर्षं अनुभवाची चार पोरं आणि सॉफ्टवेअर तपासणारी एक क्यूए. मी धरून आठ.

रिलीज दोनदा पुढे ढकलली. कुणालाही विचारा, "सर, नव्वद टक्के झालंय." हे नव्वद टक्के तीन आठवडे नव्वदच आहेत. स्टँडअप, म्हणजे कुठवर आलं ते सांगायची रोजची छोटी मीटिंग, पाऊण तास चालतो. दिवस मीटिंगांत जातो आणि रात्री जेवून मी पोरांचा कोड तपासायला बसतो. काल मोजले, माझ्याकडे १९ पीआर (तपासून पास करायचे कोडमधले बदल) पडून आहेत. क्लायंट आता म्हणतो, आणखी दोन डेव्हलपर घ्या, पैसे आम्ही देतो. मॅनेजर खूष आहे. घेऊ का? आणखी एक, दोघांतला एक सिनियर स्टँडअपला तोंडच उघडत नाही. त्याचं काय करू?

जुना_खांब
घेऊ नका. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. आठ जणांत बोलणाऱ्या जोड्या होतात २८, दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना केटी, म्हणजे कामाची सगळी माहिती, कोण देणार? तुमचे दोन सिनियरच ना! म्हणजे पुढचा महिनाभर तेही गेले. क्लायंट पैसे द्यायला तयार आहे म्हणजे त्याला घाई आहे. मग त्याच्याकडून माणसांऐवजी कामांची कपात मागा. यादी समोर ठेवा आणि विचारा, यातलं काय नसलं तरी पहिल्या दिवशी तुमचं चालेल? सगळंच हवं म्हणतील, तेव्हा गप्प बसा. थोड्या वेळाने तेच एकेक नाव घेतात.

रात्रपाळी
खांबकाकांशी अर्धाच सहमत. सहा जण कोड लिहिणार आणि तपासायला एकटी क्यूए? तुमचं पाणी तिथेच तुंबलंय. डेव्हलपर नको, पण एक टेस्टर जरूर घ्या. त्याला अख्खी सिस्टम समजून घ्यावी लागत नाही, पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतो.

तळ्याकाठी
टक्के विचारूच नका. "दाखव" म्हणा. स्क्रीन शेअर कर, एक पेमेंट टाक, हिशेब जुळतोय का ते दिसू दे. चाललं तर झालं, नाहीतर नाही झालं. आणि दोन दिवसांपेक्षा मोठं टिकट (एकाला नेमून दिलेलं काम) बोर्डावर येऊच देऊ नका. आठ दिवसांचं टिकट घेतलेला मुलगा सहाव्या दिवशी अडतो आणि लाजेने सांगत नाही.

आता १९ पीआर. दादा, राग मानू नका, पण टीम तुमच्यापाशी अडलीये. मीही हेच करायचे. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आठ दिवस सांगलीला गेले. परत येऊन बघते तर सगळं मर्ज झालेलं, म्हणजे मूळ कोडात गेलेलं, डेटाबेसचा एक इंडेक्स टाकायचा राहिला होता, तेवढंच. खरं सांगू? बरं वाटायच्या आधी जरा वाईटच वाटलं!

रिकामा_डबा
ताई, पटतंय. पण पैशाचं काम आहे. मी नजर टाकली नाही आणि प्रॉडला, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टमवर, काही फुटलं तर?

जुना_खांब
पैशाचंच उदाहरण घ्या. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलाली करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, हाताने टाकताना एक राहिला. त्या आठव्यावरचा वर्षानुवर्षं झोपलेला जुना कोड जागा झाला आणि भराभर ऑर्डरी सोडत सुटला. गडबडीत त्यांनी उरलेल्या सातांवरूनही नवा कोड काढला, मग तिथेही जुनाच चालू! पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. आठही सर्व्हर नीट झाले का, हे बघायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता. तेव्हा तुमची रात्रीची जागरणं डिप्लॉयची (नवा कोड सर्व्हरवर आपोआप टाकायची) स्क्रिप्ट करण्यात घाला, आणि मागे कसं फिरायचं त्याची रंगीत तालीम एकदा स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, करा. रकमेला हात लावणारे पीआर तुम्ही बघा, बाकीचे दोघा सिनियरना वाटून द्या.

मुळशीकर
गप्प सिनियरला काचेच्या केबिनमध्ये बोलावू नका. तिथे माणूस गेला की अख्ख्या मजल्याला वाटतं, याचं काहीतरी बिनसलं. खाली टपरीवर न्या. एक विचारतो, तो तुमच्याआधीपासून आहे का तिथे?

रिकामा_डबा
हो, दोन वर्षं आधीपासून.

मुळशीकर
मग अहो डबेवाले, आणखी काय शोधताय! लीड तुम्ही झालात, तो नाही झाला. त्याबद्दल माफीबिफी मागू नका आणि समजूतही घालू नका. एक आख्खा भाग त्याच्या नावावर करा आणि त्याने घेतलेला निर्णय चार लोकांत फिरवू नका. आवडला नाही तरी. तेवढं जमलं की बोलायला लागेल.

रिकामा_डबा
अकरा दिवसांनी लिहितोय. स्टँडअप आता खरंच उभ्याने, पंधरा मिनिटांत. वाद निघाला की "तुम्ही दोघं नंतर बोला". क्लायंटने आधी सगळंच हवं म्हटलं. मी गप्प बसलो. दोन मिनिटं जीव गेला माझा, पण चार कामं पुढच्या रिलीजला गेली. पीआर १९ वरून ४ वर.

सिनियरबरोबर चहा झाला. तो म्हणाला, "मला वाटलं, माझा रिव्ह्यू तुला चालत नाही. मी पास केलेलंसुद्धा तू रात्री परत उघडायचास." हे खरं आहे. मला वाटायचं कुणाला दिसत नाही. जुळणीचं सगळं इंजिन आता त्याच्याकडे आहे. काल त्याने एक टेबल मोडून दोन केली, मला पटलेलं नाही. हात शिवशिवत होते, पण काही लिहिलं नाही.

टेस्टरचं मात्र अजून मंजुरीतच अडकलंय. आमची क्यूए रोज विचारते, "सर, येतोय ना नक्की?" मॅनेजरला डेव्हलपरऐवजी टेस्टर कसा गळी उतरवायचा, रात्रपाळी, ते जरा सांगा.