मदत हवी आहे : राजकीय नेमणूक बक्षिसी होती की धोरणाची गरज, हे कागदपत्रांवरून कसे ठरवावे?

नमस्कार.

लोकशाही देशांतील सत्ताधारी पक्ष सरकारी पदांवर आपली माणसे कोणत्या मार्गांनी नेमतात, या विषयावर मी पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तौलनिक प्रबंध लिहीत आहे आणि एका मुद्द्यापाशी अडलो आहे. पदाची जाहिरात, निवड समितीचा अहवाल, नियुक्तीचा आणि पदमुक्तीचा आदेश एवढ्याच जाहीर कागदपत्रांवरून एखादी नेमणूक पक्षाने बक्षिसी म्हणून केली की धोरण राबवण्यासाठी, हे खात्रीने सांगता येते का?

निवडून आलेल्या सरकारला आपला कार्यक्रम राबवायचा असेल, तर काही मोक्याच्या जागी विश्वासातली माणसे लागतात, हे मला मान्य आहे. जर्मनीत कायद्यानेच तशी तरतूद आहे. तेथे सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला सरकार कारण न देता तात्पुरत्या निवृत्तीवर पाठवू शकते. अमेरिकेत नव्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती सुमारे ४,००० राजकीय नियुक्त्या असतात. पण निवडणूक हरलेल्या उमेदवाराची सोय लावण्यासाठी एखाद्या महामंडळावर त्याची वर्णी लावणे ही निराळी गोष्ट आहे, आणि या दोन्हींना एकाच तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते. राज्यशास्त्रज्ञ पीटर मेअर आणि पेत्र कोपेत्स्की यांनी युरोपीय लोकशाह्यांच्या अभ्यासात नियंत्रणासाठीच्या (म्हणजे धोरण राबवून घेण्यासाठीच्या) आणि बक्षिसीच्या नेमणुका असा भेद केला आहे, परंतु त्यांचा मुख्य आधार जाणकारांच्या मुलाखती हा आहे. माझ्या हाती फक्त कागद आहेत.

कागदावर हेतू उघडपणे सापडावा, अशी उदाहरणे बहुतेक जुन्या काळातच मिळतात. अमेरिकेत चार्ल्स गिटो या पदेच्छुकाने १८८० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेम्स गारफिल्ड यांच्या बाजूने एक भाषण छापून वाटले, त्या बळावर पॅरिसमधील वाणिज्यदूताचे पद आपल्यालाच मिळावे असा आग्रह धरला, त्यासाठी पत्रांमागून पत्रे लिहिली आणि नकार मिळाल्यावर जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर १८८३ मध्ये सरकारी नोकरभरतीविषयीचा पेंडलटन कायदा आला. त्यावर सही करणारे पुढचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयाचे प्रमुख राहिले होते, आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी कापली जाण्याची प्रथा सर्वांना ठाऊक होती. या कायद्याने स्पर्धा परीक्षा आणली आणि अशा वसुलीला बंदी केली, पण सुरुवातीला केंद्रीय पदांपैकी जेमतेम दहा टक्केच त्याच्या कक्षेत आली.

माझे मत असे बनले आहे की, परीक्षेने एक दरवाजा बंद झाला की शिफारस दुसऱ्या दरवाजाने आत येते. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने नोकरभरतीसाठी खुली परीक्षा सक्तीची केली, मात्र त्याच राज्यघटनेत मर्जीनुसार नेमण्याच्या आणि काढण्याच्या पदांचीही सोय ठेवली. ग्रीसमध्ये १९९४ च्या कायद्याने भरतीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, तरी कंत्राटी नेमणुकांची वाट पुढेही वापरली गेली.

सरकार बदलल्यावर किती जण बदलले, हे मोजण्याचा मार्ग मी प्रथम पाहिला. अमेरिकेला तो लागू पडतो. ऑस्ट्रियाला पडत नाही, कारण १९४५ ते १९६६ या काळात दोन्ही मोठे पक्ष एकत्र सत्तेत होते आणि पदे आपसात ठरलेल्या प्रमाणात वाटून घेत होते. पदे वाटून घेतली की ओरड करायलाही कोणी उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९४ ते २०२४ या काळात एकाच पक्षाचे वर्चस्व राहिल्याने त्या काळासाठी तेथेही हे मोजमाप निरुपयोगी ठरते. तेथे मात्र न्यायमूर्ती रेमंड झोंडो यांच्या चौकशी आयोगापुढे सत्ताधारी पक्षाच्या नेमणूक समितीची इतिवृत्तेच आली, आणि पक्षाच्या बैठकीत कोणत्या सरकारी पदांची चर्चा होत होती, हे लोकांना वाचता आले. असा पुरावा इतर देशांत मिळणे दुर्मीळ आहे.

म्हणून सध्या मी जाहिरातींतील पात्रतेच्या अटी तपासत आहे. मागील जाहिरातीत पंधरा वर्षांचा प्रशासकीय अनुभव मागितलेला असावा आणि पुढच्या वेळी त्याजागी ‘सार्वजनिक जीवनातील समकक्ष अनुभव’ एवढेच लिहिलेले असावे, किंवा ‘विशेष बाब म्हणून’ वयाची अट शिथिल केलेली असावी, अशा बदलांना मी खूण मानतो. मात्र अट सैल करण्यामागे प्रामाणिक कारणही असू शकते, आणि निरपराध व्यक्तीवर वशिल्याचा शिक्का बसेल, अशी पद्धत मला नको आहे.

प्रशासनात काम केलेल्या किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे : अटींतील बदल, पदाचा कालावधी आणि नेमलेल्या व्यक्तीचा त्या क्षेत्रातील पूर्वानुभव या तिन्ही खुणा एकत्र धरल्या, तर निष्कर्ष पुरेसा टिकाऊ ठरेल का? निवड समितीने सुचवलेल्या नावांचा क्रम डावलला गेला की नाही, हे जाहीर करणे कोणत्या देशांत बंधनकारक आहे? आणि नियंत्रण व बक्षिसी हे दोन्ही हेतू एकाच नेमणुकीत असतील, तर तिची गणना कोणत्या गटात करावी? या शेवटच्या प्रश्नावर माझे मार्गदर्शक आणि मी यांचे एकमत होत नाही, त्यामुळे त्यावर कोणी सविस्तर लिहिल्यास विशेष उपयोग होईल.