आजारी माणसासाठी ‘सांत्वन’ हा शब्द वापरावा का?

साखरपेठ:
सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. रुग्णांना वाटण्यासाठी दोन पानांची एक प्रार्थना इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिले आहे. तिच्यात ‘कम्फर्ट’ हा शब्द सात वेळा येतो आणि मी सातही ठिकाणी ‘सांत्वन’ लिहिले, कारण लहानपणापासून शास्त्रवाचनात, म्हणजे बायबल वाचताना, तोच शब्द कानावर पडत आला आहे. गेल्या रविवारी उपासनेनंतर कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या उशाशी बसून मी तो मसुदा वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीला त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, “बाई, सांत्वनाला लोक माती झाल्यावर येत्यात. मी हाय की अजून.” त्यापुढे मला वाचवेना. दुखणे चालू असताना देवाकडून जो आधार मिळतो, त्याला मराठीत नेमके काय म्हणावे?

जुनीलिपी:
ताई, आजींचे दुःख खरे आहे, परंतु दोष शब्दाचा नाही. अमरकोशात ‘साम’ आणि ‘सान्त्व’ हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. म्हणजे साम, दाम, दंड, भेद यांतील पहिला उपाय, गोड बोलून मन शांत करणे. मरणाशी त्याचा मुळात काहीही संबंध नाही. वर्तमानपत्रांतील ‘सांत्वनपर भेटीं’नी त्याला दुखवट्याला बांधून टाकले. अर्थ आकसला म्हणून चांगला शब्द सोडून देणे मला पटत नाही. तो वापरूनच पुन्हा रुंद करावा लागतो. मात्र ‘सांत्वना’ असे स्त्रीलिंगी रूप कृपया लिहू नये, ते हिंदीतले आहे.

सातरस्ता:
शब्द रुंद होईपर्यंत आजींनी थांबायचे का? माझे वडील आजारी शेजाऱ्याकडे जाताना ‘दिलासा देऊन येतो’ असे म्हणत. दिल आणि आशा, दोन्ही त्यात आहेत. यापेक्षा ख्रिस्ती शब्द कोणता हवा?

जुनीलिपी:
त्यात ‘आशा’ नाही. शब्द फारसी आहे आणि त्यातील ‘आसा’ म्हणजे विसावा देणारा. मनाला विसावा, इतकाच त्याचा अर्थ. प्रार्थनेच्या भाषेत तो मला परका वाटतो.

सातरस्ता:
व्युत्पत्तीची चूक मान्य करतो, परकेपणा मान्य करत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. ज्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू नांदतात, तिथे शब्दाचे कूळ विचारत बसलो तर शेजाऱ्याच्या दुखण्याला जाताना तोंडच उघडता येणार नाही.

विडीघरकुल:
माझी घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी. आमच्या तेलुगू शास्त्रात योहान 14:16 मध्ये पवित्र आत्म्याला ‘आदरणकर्त’ म्हटले आहे. मराठीत आदर म्हणजे मान, पण तेलुगूत ‘आदरण’ म्हणजे जवळ घेऊन दुःख हलके करणे. माझे वडील अकरा महिने खाटेवर होते. शेजारच्या अक्का दिवसभराच्या विड्या कारखान्यात देऊन आल्या, की संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसत. मांडीवरच्या रिकाम्या सुपातला तंबाखूचा चुरा बोटाने गोळा करत राहत, बोलत काहीच नसत. आई त्या बसण्याला आदरण म्हणायची. कानडी मंडळी अशा वेळी ‘समाधान’ म्हणतात. मराठीतल्या ‘समाधाना’त तृप्ती आहे, म्हणून ते इथे चालणार नाही.

दक्षिणकसबा:
हा प्रतिसाद वाचून राहवले नाही. योहानाच्या त्याच वचनात मराठीत ‘कैवारी’ आहे, तर 2 करिंथ 1:3 मध्ये देवाला ‘सर्व सांत्वनदाता’ म्हटले आहे. ग्रीकमध्ये दोन्हींचे मूळ एकच आहे: हाक मारून जवळ बोलावणे. मराठीने त्या एका मुळाच्या दोन वाटा केल्या आणि बोलण्याची वाट, म्हणजे सांत्वन, रुग्णाच्या वाट्याला आली. शास्त्रातल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोपर्यंत ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि त्याच्या दुःखाचा दोष त्यालाच देऊ लागले. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे निघालेला येशू, त्याला उठवणार हे ठाऊक असूनही, आधी रडला. ख्रिस्ती माणसाला दुखण्यात आधार वाटतो तो या सोबतीचा, वेदना थांबली नसली तरी. म्हणून माझे मत ‘कैवारी’ला.

जुनीलिपी:
कैवार घ्यायला समोर कोणी वैरी लागतो. रुग्णाचा वैरी कोण?

दक्षिणकसबा:
‘देवाने मला टाकले’ हा विचार. रात्री तीन वाजता तो कोणत्याही माणसापेक्षा मोठा वैरी असतो.

साखरपेठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल आजींना तेविसावे स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे, वाचून दाखवले. “तुझी आकाठी व तुझी काठी मला धीर देतात” या ओळीवर त्यांनी डोळे मिटले आणि ‘धीर देतात’ एवढेच दोनदा म्हणाल्या. मूळ हिब्रूत येथे जे क्रियापद आहे, तेच यशया 40:1 मध्ये आहे, जिथे मराठीत ‘सांत्वन करा’ असे येते. म्हणजे जुन्या भाषांतरकारांनीही सगळीकडे एकच शब्द चालवला नव्हता. मी चार ठिकाणी ‘धीर’ केले आहे, तीन ठिकाणी अजून अडले आहे. मात्र आजींनी विचारले, “काठी कळली, आकाठी कशी असती?” त्याचे उत्तर मला देता आले नाही.

माणदेश:
आम्ही सांगोल्याकडचे धनगर. बाभळीची फांदी खाली ओढायच्या आकड्याच्या काठीला आमच्याकडे आकडी म्हणतात. आकाठी तिचीच बहीण असावी, असे मला वाटते. आजोबांकडे दोन्ही असत. अंधारात मेंढरू बुजले, की ते काठी त्याच्या पाठीवर नुसती टेकवून ठेवत, मारत नसत. मेंढरू थरथरायचे थांबे आणि मग चालू लागे.

सातरस्ता:
दादा, मग त्याला दिलासाच म्हणायचे. धीर आतून यावा लागतो, इथे तर वरून काठी टेकली आहे.

माणदेश:
चालायला लागले ना ते? तो धीरच.